कष्टकरी स्त्रीची हाडे उतारवयात का झिजतात?

शेतात राबणाऱ्या बाईची हाडे मजबूत असतात, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हा समज निराधार नाही. श्रमाने हाड बळकट होते, हे शास्त्रालाही मान्य आहे. परंतु जिने उभा जन्म डोक्यावर हंडा, सरपणाची मोळी किंवा उसाची मोळी वाहिली, अशा स्त्रीचेच मनगट साठीत नुसते पाय घसरण्याचे निमित्त होऊन मोडते, पाठीला पोक येते, उंची दोन-तीन बोटांनी कमी होते. श्रम तर थांबलेले नसतात. मग हाडांचे बळ कोठे जाते? गेल्या काही दशकांत झालेल्या पेशीविषयक संशोधनाने या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिले आहे. ग्रामीण भागात आरोग्य, शिक्षण आणि महिला कल्याणाची कामे पाहणाऱ्या सर्वांनी ते समजून घेण्याजोगे आहे.

हाड हा सजीव अवयव

हाड म्हणजे घराच्या खांबासारखी निर्जीव वस्तू नव्हे. त्यात जुना भाग काढून टाकण्याचे आणि नवा भरण्याचे काम अखंड चालू असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने घडत असतो. जुने हाड विरघळवणाऱ्या पेशींना अस्थिभक्षक पेशी आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशींना अस्थिजनक पेशी असे म्हणता येईल. खड्डा पडण्यास दोन-तीन आठवडे पुरतात, पण तो भरून येण्यास तीन-चार महिने लागतात. या जमाखर्चाचा मेळ बसला तर हाड टिकते. खर्च वाढला तर ते आतून पोकळ व ठिसूळ होत जाते. यालाच ऑस्टिओपोरोसिस किंवा अस्थिविरलता म्हणतात.

हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते, हा विचार जर्मन शल्यचिकित्सक युलिअस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत व्यावसायिक टेनिसपटूंच्या खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाची भित्ती दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के अधिक जाड आढळली. याउलट, अंतराळात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते. भार मिळाला तर हाड वाढते, भार सुटला तर ते घटते, असा हा नियम आहे.

भार ओळखणारी पेशी

परंतु भार पडला हे हाडाला कळते कसे? हाडातील पेशींपैकी नऊ दशांशांहून अधिक पेशी हाडाच्या कठीण भागात पुरलेल्या असतात. त्यांच्यापासून सूक्ष्म तंतू निघतात आणि केसाहूनही बारीक अशा नलिकांमधून शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचतात. या नलिकांत द्रव भरलेला असतो. आपण चाललो, उडी मारली किंवा ओझे उचलले की हाड हजारात एक-दोन भाग इतके किंचित दबते आणि नलिकांतील द्रव हलतो. ही हालचाल पुरलेल्या पेशींना जाणवते. एरवी त्या स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन सोडून नव्या हाडाची घडण आवरून धरीत असतात. भार जाणवला की त्या ठिकाणी हे प्रथिन कमी होते आणि अस्थिजनक पेशी कामाला लागतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हाडाला भाराचा जोर आणि त्यातील चढउतार कळतो. तो किती तास सोसला, याला फारसे महत्त्व नसते. रुबिन व लॅनियन या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये कोंबड्याच्या पंखातील हाडावर केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. दिवसातून केवळ ४ वेळा भार दिला असता हाडाची झीज थांबली. ३६ वेळा दिला असता हाड वाढले. तोच भार १,८०० वेळा देऊनही त्याहून अधिक वाढ झाली नाही. दिवसभर एकाच पद्धतीने राबणे आणि हाडाला वाढीचा संदेश मिळणे, या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यावरून दिसते.

ईस्ट्रोजेनचे कार्य

स्त्रीच्या अंडाशयात तयार होणारे ईस्ट्रोजेन हे हॉर्मोन या व्यवहारात अनेक प्रकारे भाग घेते. ते अस्थिभक्षक पेशींची संख्या व आयुष्य मर्यादित ठेवते. भार ओळखणाऱ्या पेशींना ते अकाली मरण्यापासून वाचवते. स्क्लेरोस्टिनचे प्रमाणही ते कमी ठेवते. रजोनिवृत्तीनंतर ते घटले की तिन्ही लगाम सैल होतात. रजोनिवृत्तीच्या आगेमागे काही वर्षे स्त्रीच्या मणक्यांची घनता वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी उतरते. अंडाशयाचे कार्य थांबणे व हाडे ठिसूळ होणे यांतील संबंध अमेरिकन वैद्य फुलर ऑल्ब्राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिला होता.

पुढच्या संशोधनाने याहून सूक्ष्म बाब उजेडात आणली. पेशी ईस्ट्रोजेनला ज्या ग्राहकाच्या द्वारे ओळखते, त्याचा अल्फा हा प्रकार भाराचा संदेश पोहोचवण्याच्या कामातही सहभागी असतो. हा ग्राहक नसलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये भार देऊनही हाडाची वाढ फारच कमी होते, असे लंडनमधील लॅनियन यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. ईस्ट्रोजेन घटल्यावर या ग्राहकाचे कार्यही मंदावते आणि म्हणून पूर्वीइतकेच श्रम करूनही पूर्वीइतका प्रतिसाद मिळत नाही, असे स्पष्टीकरण त्यांनी मांडले. प्राण्यांवरील सर्वच प्रयोगांचे निष्कर्ष याबाबत एकसारखे नाहीत. तथापि, साठी ओलांडलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ व्यायाम किंवा केवळ ईस्ट्रोजेन यांपेक्षा दोन्ही मिळून हाडांना अधिक लाभ झाला, हे त्याला पूरक आहे.

प्रतिसाद मंदावतो, संपत नाही

याचा अर्थ रजोनिवृत्तीनंतर व्यायाम व्यर्थ आहे, असा मात्र नाही. ऑस्ट्रेलियात हाडांची घनता कमी असलेल्या १०१ रजोनिवृत्त स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास वजन उचलणे व उड्या मारणे असा जोरकस व्यायाम देण्यात आला. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी सौम्य व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. असा व्यायाम देखरेखीशिवाय मात्र करू नये. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीने कमरेत वाकून जड ओझे उचलल्यास मणका दबून मोडू शकतो.

ईस्ट्रोजेन औषधरूपाने देण्याचा मार्गही उपलब्ध आहे. अमेरिकेतील मोठ्या चाचणीत ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिल्याने खुब्याचे अस्थिभंग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. परंतु स्तनांचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढल्याने ती २००२ मध्ये थांबवावी लागली. तेव्हा हा उपचार कोणाला, केव्हा व किती काळ द्यावा, हे तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवावे.

आपल्या राज्यापुढील प्रश्न

महाराष्ट्रात या विषयाला एक निकडीची बाजू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांतील अनेकजणी चाळिशीच्या आतील होत्या.

‘पिशवी काढली’ एवढेच गावात बोलले जाते. परंतु गर्भाशय काढणे व अंडाशय काढणे यांत महत्त्वाचा फरक आहे. केवळ गर्भाशय काढल्यास ईस्ट्रोजेन लगेच बंद होत नाही, मात्र अंडाशयाचे कार्य नेहमीपेक्षा लवकर थांबण्याचा संभव वाढतो. दोन्ही अंडाशये काढल्यास ईस्ट्रोजेन एकाएकी घटते आणि पन्नाशीत सुरू व्हावयाची झीज तिशी-पस्तिशीतच सुरू होते. अशी स्त्री पुढे वीस-पंचवीस हंगाम कोयता चालवते, मोळ्या वाहते. तिच्या हाडांची भाराला उत्तर देण्याची शक्ती उणावलेली असते आणि भार मात्र तोच असतो. त्यात आहार अपुरा असेल तर हाड भरून येण्यास लागणारे साहित्यही मिळत नाही.

काय करता येईल?

पहिले काम नोंदीचे आहे. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीजवळ रुग्णालयाचा कागद असला पाहिजे आणि अंडाशये काढली की ठेवली, हे तिला माहीत असले पाहिजे. आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांनी ही माहिती विचारून घ्यावी. चाळिशीच्या आत अंडाशये गमावलेल्या स्त्रीला प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तज्ज्ञांकडे पाठवावे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या स्त्रीने शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्यावे, यासाठी ग्रामपंचायत सदस्यांनी तिला धीर द्यावा.

दुसरे काम आहाराचे. प्रौढांना दररोज १,००० मिलिग्राम आणि रजोनिवृत्त स्त्रियांना १,२०० मिलिग्राम कॅल्शियम मिळावे, अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस आहे. शंभर ग्राम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्राम कॅल्शियम असते. दूध, ताक, तीळ व पालेभाज्याही उपयुक्त आहेत.

तिसरे काम शाळांचे आहे. प्रौढपणीच्या हाडांतील खनिजांपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग वयात येण्याच्या काळातील दोनच वर्षांत जमा होतो. या वयात ईस्ट्रोजेनही उपलब्ध असते व हाड भाराला उत्तम प्रतिसाद देते. नेमक्या याच वयात मुलींचे मैदानावर येणे बंद होते. खो-खो, लंगडी, दोरीवरच्या उड्या हे खेळ मुलींच्या हाडांची आयुष्यभराची ठेव आहेत, हे शिक्षकांनी पालकांना पटवून द्यावे.

स्त्रीचे श्रम हीच तिच्या हाडांची हमी, असे मानून स्वस्थ बसणे आता परवडणार नाही. श्रमाचे बळात रूपांतर होण्यासाठी शरीरातील ईस्ट्रोजेनची साथ आणि ताटातील अन्न लागते. ईस्ट्रोजेनची साथ वेळेआधी सुटू नये व सुटलीच तर उपचार, आहार व योग्य व्यायाम यांचा आधार मिळावा, ही जबाबदारी त्या स्त्रीबरोबरच तिच्या गावाची, शाळेची आणि आरोग्य यंत्रणेचीही आहे.