सायबर गुन्हेविषयक कायदे व मानवी हक्क
संगणक वा संगणकजाल यांच्याविरुद्ध किंवा त्यांच्या साहाय्याने केलेल्या गुन्ह्यांस सायबर गुन्हे म्हणतात. अनधिकृत प्रवेश, माहितीची चोरी वा नाश, आर्थिक फसवणूक इ. कृत्ये त्यांत मोडतात. या गुन्ह्यांच्या तपासासाठी शासनास खाजगी संदेश व नोंदी तपासण्याचे अधिकार द्यावे लागतात. म्हणून त्या अधिकारांस मर्यादा घालणे, हेही अशा कायद्यांचे आवश्यक अंग होय.

स्वीडनच्या १९७३ च्या कायद्याने संगणकातील व्यक्तिगत नोंदींस संरक्षण दिले. अमेरिकेने १९८६ मध्ये व ब्रिटनने १९९० मध्ये संगणकाच्या दुरुपयोगाविरुद्ध स्वतंत्र कायदे केले. यूरोप परिषदेचा बूडापेस्ट करार (२००१) हा या विषयावरील पहिला आंतरराष्ट्रीय करार होय. त्याच्या १५ व्या अनुच्छेदात प्रमाणशीरता व स्वतंत्र देखरेख यांची अट आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात ६६ अ हे कलम घालण्यात आले. त्यान्वये ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक संदेश पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शके. परंतु या शब्दांची व्याख्या दिलेली नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळण्यात आलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी एक तरुणी आणि त्यास पसंती दर्शविणारी दुसरी, अशा दोघींस पालघर (तत्कालीन ठाणे जिल्हा) येथे अटक झाली. पुढे त्यांच्यावरील कारवाई मागे घेण्यात आली. तथापि या घटनेमुळे श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम संदिग्ध व भाषणस्वातंत्र्याचा भंग करणारे म्हणून रद्द केले. चर्चा व मतप्रचार यांस संरक्षण असून केवळ चिथावणीच्या टप्प्यावर निर्बंध घालता येतात, असे न्यायालयाने म्हटले. याउलट, संकेतस्थळावरील मजकूर रोखण्याचे कलम ६९ अ न्यायालयाने वैध ठरविले. कारण त्यात लेखी कारणे व विहित कार्यपद्धती बंधनकारक आहेत.

कलम रद्द होऊनही त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिल्याने, २०२२ मध्ये न्यायालयास असे खटले न चालविण्याचा आदेश द्यावा लागला. दरम्यान २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय नऊ न्यायाधीशांच्या पीठाने दिला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्हेविरोधी करार संमत केला. त्यात मानवी हक्कांविषयी अनुच्छेद असले, तरी संरक्षक तरतुदींचे स्वरूप बव्हंशी प्रत्येक राष्ट्राच्या कायद्यावर सोपविले आहे. त्यामुळे व्याख्यांची सुस्पष्टता व न्यायालयांची दक्षता यांवरच नागरिकांचे संरक्षण मुख्यत्वे अवलंबून राहते.