सातचा भोंगा आणि मुलांचा अभ्यास

बाजारभाव, हवामान, पिकावरची औषधे ही सगळी माहिती आता मोबाइलवर मिळते. तेव्हा तो घरातून काढून टाका, असे कोणी म्हणणार नाही. पण दिवेलागणीनंतर तो कोणाच्या हातात असतो, याकडे आपले लक्ष असते काय?

ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा ‘असर’चा २०२४ चा अहवाल विचार करायला लावतो. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारी मुले मात्र सुमारे ७६ टक्के निघाली.

मोबाइल आधी झोप खातो, मग गुण. दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. अंथरुणात बारा-बारा वाजेपर्यंत इन्स्टाग्राम पाहणारे मूल सकाळी वर्गात पेंगते, घरी चिडचिड करते. दुसऱ्याचे कपडे, गाड्या, सहली पाहून आपले घर त्याला उणे वाटू लागते. कधी उलटही घडते. आधीच मनातून खचलेले मूल मोबाइलच्या आड लपते. म्हणून रागावण्याआधी त्याला जवळ बसवून विचारा.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक उपाय केला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा झाला की मोकळीक. सुरुवातीला पुरुषमंडळींनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. बायकांनी मात्र ती मनावर घेतली. मालिका पाहण्याची सवय आपल्यालाही आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. नियम मुलांपुरता नव्हता, साऱ्या घराला होता. त्यातच त्याचे बळ आहे.

आपल्या गावात भोंगा नसेल, पण घड्याळ तर आहे! रोज दीड तास सर्वांचे मोबाइल एका फळीवर ठेवा. मुले अभ्यासाला बसली की आपणही जवळ बसून धान्य निवडा, हिशेब लिहा, वर्तमानपत्र वाचा. झोपताना मोबाइल मुलांच्या उशाशी नको. शाळेचा निरोप पाहायचा असेल, तर तो जेवणाआधी पाहून घ्यावा.

वडीलधाऱ्यांच्याच हातचा मोबाइल सुटत नसेल, तर मुलांना सांगून काय उपयोग? आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?