पाण्याचा सामू सात का येत नाही?

एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांची कार्यशाळा होती. आम्ल आणि आम्लारी या पाठावरचे प्रयोग आम्ही करत होतो. लिंबाचा रस, ताक, साबणाचे पाणी, खाण्याचा सोडा अशा एकेका पदार्थाचा सामू, म्हणजे पीएच, मीटरवर मोजला. शेवटी सकाळपासून चंचुपात्रात ठेवलेले ऊर्ध्वपातित पाणी घेतले. मीटरने आकडा दाखवला ५.८.

एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, "मीटर बिघडलेला दिसतो."

मीटर तपासला. सामू ४ आणि ७ असलेल्या प्रमाण द्रावणांत तो अचूक आकडे दाखवत होता. पाणी पुन्हा मोजले, तरी पुन्हा ५.८ च्या आसपास! तेव्हा ते शिक्षक जरा संकोचून म्हणाले, "आमच्या शाळेतही असंच येतं. मी मुलांना सांगतो, वहीत सात लिहा. पुस्तकात सात आहे, परीक्षेत सातच विचारतात."

त्यांच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले. पण या प्रसंगात मीटरही बरोबर आहे आणि पुस्तकही बरोबर आहे. मग चूक कुठे आहे?

आधी सात हा आकडा कुठून आला ते पाहू. पाण्याचे काही रेणू सतत विघटित होत असतात आणि पुन्हा जुळत असतात. विघटनातून हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळतात. २५ अंश सेल्सिअसला १ लिटर शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयनांचे प्रमाण ०.००००००१ मोल, म्हणजे दहाचा उणे सातवा घात इतके असते. एक लिटर पाण्यात पाण्याचे सुमारे ५५.५ मोल असतात. म्हणजे साधारण साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एखादाच रेणू कोणत्याही क्षणी विघटित अवस्थेत सापडतो.

असे शून्यांचे शेपूट लिहिणे त्रासाचे असते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर काम करणाऱ्या सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाला हा त्रास रोजचाच होता. विकरांचे कार्य हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर फार अवलंबून असते. म्हणून १९०९ साली त्याने सुचवले की दहाचा घात तेवढा घ्यावा आणि उणे चिन्ह सोडून द्यावे. उणे सातवा घात असेल तर सामू ७, उणे दुसरा असेल तर सामू २. यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. सामू कमी म्हणजे हायड्रोजन आयन जास्त. आणि सामूतील एकाचा फरक म्हणजे प्रमाणात दहापट फरक. सामू ५ चे द्रावण सामू ७ च्या द्रावणापेक्षा शंभरपट आम्लधर्मी असते, दोनपट किंवा दोनने नव्हे.

आता चंचुपात्राकडे वळू. पाणी उघडे होते आणि हवेत कार्बन डायऑक्साइड आहे. आज त्याचे प्रमाण दहा लाख भागांत ४२० भागांहून थोडे अधिक आहे. तो पाण्यात विरघळतो, त्याचे थोडे कार्बोनिक आम्ल बनते आणि ते हायड्रोजन आयन देते. पाणी हवेशी पूर्ण समतोलात आले की सामू सुमारे ५.६ होतो. आमचे पाणी त्या वाटेवर ५.८ पर्यंत पोचले होते, एवढेच. पुस्तकातला सात 'शुद्ध' पाण्याचा आहे. आपल्या हातात असते ते हवेत उघडे राहिलेले पाणी. पुस्तक आणि मीटर वेगवेगळ्या पाण्याबद्दल बोलत आहेत!

हे वर्गात सहज दाखवता येते. ऊर्ध्वपातित पाणी पाच-दहा मिनिटे उकळा, गरम असतानाच बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बूच लावा आणि थंड होऊ द्या. उकळल्याने विरघळलेला वायू निघून जातो. या पाण्यात वैश्विक दर्शकाचे दोन-तीन थेंब टाका. (जास्त नको, दर्शक स्वतःच सामूत थोडा फरक करतो.) रंग हिरवटाकडे झुकलेला दिसेल. आता नळीने त्यात फुंकर मारा. पाणी तोंडात ओढले जाणार नाही याची काळजी घ्या. उच्छ्वासात हवेच्या सुमारे शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे रंग लवकरच पिवळा-नारिंगी होतो.

हाच प्रयोग विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर करा. रंग बदलेल, पण बराच कमी. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात बहुधा कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर असते आणि ते सामूतील बदलाला आवर घालते. ऊर्ध्वपातित पाण्यात असा आवर घालणारे काहीच नसते, म्हणूनच ते इतके हळवे असते. मीटरचा आकडा त्यात स्थिरावायलाही वेळ लागतो. घाई करू नये.

कार्यशाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षिकेने तिच्या विद्यार्थिनीचा प्रश्न सांगितला. लिटरला ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू २ असतो. दहापट विरल केले की ३, पुन्हा केले की ४. मग असेच विरल करत गेलो तर सामू ८ होईल का? आम्ल नुसते पाणी घालून आम्लारी होईल का?

प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला. आकडेमोड नियमाप्रमाणे केली तर उत्तर 'हो' येते आणि मन म्हणते 'नाही'. इथे मन बरोबर आहे. इतक्या विरल द्रावणात आम्लाने दिलेले हायड्रोजन आयन पाण्याच्या स्वतःच्या आयनांच्या एक दशांशच उरतात. ते पाण्याच्या आयनांत मिळवावे लागतात. नुसती बेरीज केली तर शुद्ध पाण्याच्या १.१ पट येते. पण आयन वाढले की त्यांतले काही हायड्रॉक्साइडशी पुन्हा जुळतात, म्हणून प्रत्यक्षात १.०५ पट राहते. सामू येतो ६.९८. कितीही विरल करा, आम्ल सातच्या जवळ जाईल, पलीकडे जाणार नाही.

आणि सात तरी उदासीनतेची कायमची खूण आहे का? तीही नाही. तापमान वाढले की पाण्याचे विघटन वाढते. ६० अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ६.५ असतो. तरी ते आम्लधर्मी नसते, कारण हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन तेव्हाही सारखेच असतात. उदासीनतेची खरी व्याख्या ही समानता आहे. सात हे तिचे २५ अंशांवरचे उत्तर आहे.

आता त्या वहीकडे येऊ. ५.८ दिसत असताना ७ लिहिले तर परीक्षेतला एखादा मार्क वाचेल. पण मूल त्यातून एक गोष्ट शिकेल: निरीक्षण आणि पुस्तक यांत फरक पडला तर निरीक्षण खोडायचे. स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू ७ नसून सुमारे ५.६ असतो, आणि म्हणून आम्लपर्जन्य म्हणताना सामू त्याहूनही खाली आहे का हे पाहावे लागते, ही गोष्ट त्याला कधीच उमगणार नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ होता, आज तो सुमारे ८.१ आहे. फरक फक्त ०.१ चा, पण याचा अर्थ हायड्रोजन आयन जवळजवळ चतुर्थांशाने वाढले. शिंपले आणि प्रवाळ यांच्या कवचांना याचा धोका आहे. दशांश चिन्हानंतरचा आकडा कोणी 'मीटर बिघडला' म्हणून सोडून दिला असता, तर हे समजले नसते.

म्हणून मी त्या शिक्षकांना सुचवले की मुलांना ५.८ च लिहू द्यावे, शेजारी पुस्तकातला ७ लिहू द्यावा आणि दोघांच्या मध्ये एक प्रश्नचिन्ह. त्या दिवशी तास थोडा लांबेल. परीक्षेत 'शुद्ध पाण्याचा २५ अंशांवरचा सामू' विचारला तर तीच मुले सात लिहितील, आणि आपण सात का लिहितो हेही त्यांना ठाऊक असेल.