पत्ता शेवटून वाचा

पहाटे ३
फोन वाजला. नाशिकचे काका उज्जैनच्या महाकालच्या दारातून बोलत होते. "अहो, आमच्या पासची नोंदच सापडत नाही म्हणतात." भस्मारतीला तासाभराचाच अवकाश. पैसे आदल्या संध्याकाळी भरलेले. "काका, आधी सायबर हेल्पलाइन १९३० लावा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पुढच्या खात्यांत रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त."

सकाळी ७
माझं ऑनलाइन सेवा केंद्र उघडलं, तर काका-काकू पायरीवरच बसलेले. काकांच्या पिशवीत नवं सोवळं, घडी न मोडलेलं. मेल पाहिला. वर मंदिर समितीचं नाव, शिखराचं चित्र, खाली 'फक्त २ जागा, ३० मिनिटांत पैसे भरा'. नावावर बोट ठेवलं, तेव्हा खरा पत्ता उघडला: 'गव्ह-इन डॉट कॉम'वर संपणारा.
"सरकारी पत्ता 'गव्ह डॉट इन'वर संपतो, काका. शेवटच्या नावाच्या डावीकडे कुणी काहीही लिहील. मालक उजव्या टोकाला कळतो."

सकाळी ९
राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. मेल, स्क्रीनशॉट, व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक, सगळं जोडलं. काका मेल पुसून टाकायला निघाले होते, थांबवलं. तोच तर पुरावा.

दुपारी १
पेन्शनर आजी 'बँकेचा' मेल घेऊन आल्या: केवायसी करा, नाहीतर खातं बंद. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'बँक डॉट इन'वर जायला सांगितलं, ते याचसाठी. तरी पाठवणाऱ्याचा पत्ता हुबेहूबही बनवता येतो. म्हणून मेलमधली लिंक दाबायची नाही. साइट स्वतः टाइप करायची.

संध्याकाळी ५
काकांना फोन आला: "रिफंड देतो, यूपीआय पिन टाका." मी हातानेच खूण केली, ठेवा. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.

रात्री ९
काकू गप्पच होत्या. निघताना म्हणाल्या, "घरी कुणाला सांगू नका हो." मी म्हटलं, "काकू, तुम्हीच सांगा. २०२७ मध्ये नाशिकला, २०२८ मध्ये इथे, लागोपाठ दोन सिंहस्थ. खोल्यांचे, पासचे असे मेल घरोघरी येतील. फसलेला माणूस लाजून गप्प बसला, की पुढचं सावज तयार होतं."
रिक्षात बसता बसता काकांनी भावाला फोन लावला. "ऐक, मेलचा पत्ता शेवटून वाचायचा..."