पर्वत वाचताना (भाग 6) : एका उतारावरची दोन जंगलं

गेल्या आठवड्यात आपण उंचीनुसार झाडोरा कसा बदलतो ते पाहिलं. दर 100 मीटर चढलं की तापमान साधारण 0.6 अंशांनी उतरतं, हे त्यातलं मुख्य सूत्र. पण जवळपास एकाच उंचीवर, हाकेच्या अंतरावर, दोन निराळी जंगलं दिसली तर? स्वित्झर्लंडमधल्या रीडरफुर्का खिंडीतून अलेच हिमनदीकडे उतरताना एका शिक्षिकेने आपल्या वर्गाला हाच प्रश्न घातला. उत्तर मुलांच्या पायाखाली होतं.

1860 च्या सुमारास ही हिमनदी आजच्यापेक्षा 200 मीटरहून अधिक उंचावर होती. तिने कडेला रचलेला दगडगोट्यांचा बांध, म्हणजे हिमोढ, उतारावर आजही स्पष्ट दिसतो. त्याच्या वर कित्येक शतकांचे आर्व, म्हणजे तिथले डोंगरी पाइन. खाली मात्र लार्च आणि बर्चची तरुण झाडं. बर्फ हटल्यावर उघडी पडलेली ही जमीन नुसती खडी आणि रेती. तिच्यावर आधी दगडफूल आणि शेवाळ येतं, मग खुरटी झुडपं, मग भरपूर ऊन लागणारा लार्च. पालापाचोळा कुजून माती साठू लागली की आर्वची पाळी. म्हणजे बांधापासून बर्फाकडे उतरावं तसं जंगलाचं वय कमी होत जातं.

मुलांनी सुया मोजल्या. आर्वच्या सुया पाच-पाचच्या जुडीत असतात, लार्चच्या मऊ झुबक्यांत. लार्चच्या सुया शरद ऋतूत पिवळ्या होऊन गळतात. मग आर्वचा शंकू हातोहात फिरला. आतली बी टपोरी, जड आणि बिनपंखांची. वाऱ्याने ती उडणं शक्य नाही आणि शंकूही आपणहून उघडत नाही. मग हे झाड डोंगर चढतं कसं?

मला या साऱ्या सहलीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटला. नटक्रॅकर नावाचा ठिपकेदार तपकिरी पक्षी शंकू फोडतो, बिया गळ्याखालच्या पिशवीत भरतो आणि हिवाळ्याच्या बेगमीसाठी थोड्या थोड्या करून जागोजाग पुरतो. बर्फाखालचे बहुतेक साठे त्याला बिनचूक सापडतात. जे राहून जातात, त्यांतून रोपं उगवतात. म्हणूनच एखाद्या खडकाच्या बेचक्यात चार-पाच आर्व एकाच जागी खेटून उभे दिसतात.

पूर्वी इथे गुरं चरत, लाकूडतोड होई आणि जंगल विरळ झालं होतं. 1933 मध्ये त्याला संरक्षण मिळालं. खिंडीजवळच्या व्हिला कॅसेल या जुन्या हवेलीत 1976 पासून निसर्गशिक्षण केंद्र चालतं.

तिकडे गेलात तर हिमनदीचा फोटो काढून वरूनच परतू नका. बांध ओलांडून खाली उतरा, सुया मोजा. फक्त पायवाट सोडू नका. बोटभर दिसणारं आर्वचं रोप कित्येक वर्षांचं असू शकतं.