शिकलेलं वापरात आलं तरच टिकतं
(सभासदांच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही चार उपयोगी गोष्टी)



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी विभागाच्या दारात दोन तऱ्हेची माणसं दिसतात. पहिली, आपल्या उसाची तोड कधी येणार हे विचारायला आलेली. दुसरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलाची सर्टिफिकिटं घेऊन आलेली. "साहेब, पोरगं बी. ए. झालंय, तीन वर्षं घरीच हाय. कुठंतरी चिकटवून घ्या. काट्यावर असू द्या, न्हायतर गेटवर असू द्या."

या बापाची तळमळ खोटी नाही. भावाभावांत वाटण्या होऊन जमीन दोन-अडीच एकरांवर आली आहे. उजनीचे पाणी आले, उसाची टिपरी वाढली, तसा घरातला खाणारा हातही वाढला. तथापि एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. कारखान्याचे सभासद हजारांनी मोजायचे आणि कारखान्यातल्या जागा शेकड्यांनी. त्यातल्याही पुष्कळशा हंगामी. गरजेपेक्षा जादा माणूस भरला तर त्याचा पगार कुठून निघतो? आपल्याच उसाच्या दरातून. म्हणजे एका सभासदाचा मुलगा चिकटवायचा आणि बाकीच्यांनी त्याचा भार सोसायचा, असा तो हिशेब होतो. शिवाय "नोकरी लावतो" म्हणून पैसे उकळणारे मध्यस्थ गावोगाव फिरत असतात, ते वेगळेच. जमीन गहाण टाकून असे पैसे देणाऱ्याच्या हाती नोकरीही लागत नाही आणि जमीनही राहत नाही.

मग करायचे काय? या लेखाचा विषय तोच आहे. आपल्या भागात शिकण्याच्या कोणत्या सोयी आहेत आणि त्यातली कुणी कोणती धरावी, हे पाहू. पण आधी जुन्या अनुभवातला एक धडा सांगतो.

ग्राम शिक्षण मोहिमेचा धडा

१९५९ साली शेजारच्या सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. जुन्या सभासदांपैकी काहींना ती आठवत असेल. पगारी माणसं न नेमता गावातलेच शिक्षक आणि शिकलेली मुले रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्या माणसांना अक्षरे शिकवीत. सगळे गाव साक्षर करायचे अशी शपथ ग्रामदैवतापुढे घेतली जाई, आणि काम पुरे झाले की ग्रामगौरव समारंभ होई. आजोबाच्या पाटीवर नातू अक्षर गिरवून देई, असे ते दिवस होते.

मोहीम मोठी होती आणि तिने लाखो माणसांना सही शिकवली, यात वाद नाही. पण पुढे एक उणीव दिसून आली. समारंभ झाला, वर्ग बंद पडले, आणि काही वर्षांत पुष्कळजणांचा हात पुन्हा अंगठ्यावर आला. कारण सरळ आहे. शिकलेले अक्षर वापरायला रोजच्या जगण्यात जागाच नव्हती. न चालवलेला नांगर गंजतो, तसेच हे.

यातून पुढच्या कार्यक्रमांनी बोध घेतला. १९६७ साली मुंबईत देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. कामगाराला नुसती अक्षरे न शिकवता त्याचे काम, त्याचा हिशेब आणि त्याचे हक्क यांच्याशी जोडून शिकवायचे, आणि तेही त्याच्या सोयीच्या वेळी, असा त्यामागचा विचार होता. याच श्रमिक विद्यापीठांना २००० सालापासून जन शिक्षण संस्थान म्हणतात.

तेव्हा धडा असा : शिक्षणाचा वापर कुठे होणार हे आधी ठरवा, मग शिका. आता हीच फूटपट्टी आपल्या घराला लावून पाहू.

मोठ्या माणसांनी काय शिकावे?

आधी वडीलधाऱ्यांचे बघू. "आमचं काय राहिलंय आता, पोरांचं बघा," असे आबा-अण्णा म्हणतात. पण उसाचे बिल आबांच्या नावावर निघते आणि सही किंवा अंगठाही त्यांचाच लागतो. शिकलेले वापरायला याहून चांगली जागा कोणती?

आपले बिल कसे होते ते पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. टनाचे झाले ३,५५० रुपये. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढतात, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा १०.२५ च्या खाली गेला तर त्याच हिशेबाने कमी होतात. मात्र उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी दर क्विंटलला ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जात नाही. या रकमेतून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो.

समजा, उतारा बरोबर १०.२५ आहे, तोडणी-वाहतूक टनाला ९०० रुपये बसली आणि आपला ऊस ४० टन गेला. ३,५५० मधून ९०० गेले, राहिले २,६५०. त्याला ४० ने गुणले की एक लाख सहा हजार रुपये. सोसायटीचे कर्ज आणि इतर कपात त्यानंतर. आणखी एक गोष्ट. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. कारखान्याच्याच पत्रिकेत हे कसे छापले, असे कुणी म्हणेल. पण सहकारी कारखान्याचा मालक सभासद आहे, आणि मालकाला हिशेब वाचता आला पाहिजे.

काट्याची पावती, बिल, सोसायटीचा उतारा आणि बँकेचे पासबुक हे चार कागद ज्याला वाचता येतात तो सभासद आमच्या मते साक्षर. ज्यांना मुळातच अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी सध्या केंद्राचा नव भारत साक्षरता कार्यक्रम आहे. तो २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला असून १५ वर्षांवरील कुणालाही त्यात शिकता येते. शिकवणारे स्वयंसेवक असतात. त्याची वाचन, लेखन व संख्याज्ञान अशी १५० गुणांची चाचणी आपल्या राज्यात पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. चौकशी गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांकडे करावी. सून किंवा नातू स्वयंसेवक झाला तर वर्ग घरातच भरेल, आणि पहिले पुस्तक म्हणून उसाचे बिल घ्यावे.

दहावीच्या अलीकडचा-पलीकडचा मुलगा

कारखान्यात फेरफटका मारला तर दिसेल, की गव्हाणीपासून पोत्यापर्यंत जी माणसे लागतात ती फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन, इलेक्ट्रिशियन, पॅनमन अशी हुन्नर असलेली. बॉयलरवर उभे राहायला तर सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्रच लागते. साध्या बी. ए. ला इथे जागा थोडी, आणि वेल्डरची वाट मात्र प्रत्येक हंगामात पाहावी लागते. आपल्या जिल्ह्याचे नाव साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात अग्रभागी आहे. तेव्हा हातात हुन्नर असेल तर एकाच दारात बसून राहायचे कारण नाही.

हा हुन्नर आय.टी.आय.त मिळतो. सोलापुरात शासकीय आय.टी.आय. आहे, तालुक्यांतही आहेत. वेल्डर आणि वायरमनसारख्या काही ट्रेडना आठवी पास चालते, फिटर-इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. वेल्डर एक वर्षाचा, फिटर दोन वर्षांचा. दहावीला अडकलेल्याने निराश होऊ नये. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते.

त्यापुढची पायरी शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा ३० कामगारांवर आली. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र. मात्र गैरसमज नको. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरीचे वचन नव्हे. चालत्या यंत्रावर वर्षभर हात बसतो, हीच तिथली खरी कमाई.

घरी बसलेला पदवीधर

आता मघाच्या बी. ए. झालेल्या मुलाकडे येऊ. परत तीन वर्षे आणखी एखादी पदवी घेणे हा उपाय नव्हे. जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियाची सोलापुरात स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. मोटार रिवाइंडिंग, दुचाकी दुरुस्ती, मोबाइल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय, शेळीपालन, शिवणकाम असले आठवड्या-दीड महिन्याचे वर्ग अशा संस्थांत चालतात. फी नाही, राहणे-जेवण फुकट. या कल्पनेचा पहिला प्रयोग १९८२ साली कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे येथे डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि दोन बँकांच्या मदतीने झाला. तिथल्या अनुभवावरून देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत या संस्था निघाल्या.

या संस्थांचे वैशिष्ट्य वर्गात नाही, वर्गानंतरच्या पाठपुराव्यात आहे. शिकून गेलेल्याची दोन वर्षे विचारपूस होते, कर्जासाठी बँकेशी गाठ घालून दिली जाते. ग्राम शिक्षण मोहिमेत जे राहून गेले ते इथे धरले आहे. तेव्हा जाण्यापूर्वी मुलाने गावात फिरून पाहावे. विहिरीवरची जळालेली मोटर भरायला लोक किती लांब जातात? दुधाची गाडी कुठवर येते? ज्या कामाला गावात गिऱ्हाईक आहे तेच शिकावे.

माता-भगिनी आणि आपली शेती

जन शिक्षण संस्थानांत १५ ते ४५ वयाच्या निरक्षर, नवसाक्षर आणि बारावीच्या आत शाळा सुटलेल्या माणसांना धंदेशिक्षण मिळते, आणि त्यांचा भर स्त्रियांवर असतो. सासरी येऊन शिक्षण तुटलेल्या सुनांनी त्याची चौकशी जरूर करावी.

आणि शेती हाही हुन्नरच आहे, हे आपण विसरतो. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या पुढाकाराने जी संस्था उभी राहिली तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. तिथे ऊस उत्पादकांसाठी ऊसशेती ज्ञानयाग आणि महिलांसाठी ज्ञानलक्ष्मी ही शिबिरे होतात. बेणे निवड, पाणी, खत, खोडवा सगळे तिथे प्रत्यक्ष दाखवतात. जिल्ह्यात खेड येथे आणि मोहोळला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. एकरी पाच टन जरी वाढले तरी वरच्या हिशेबाने हाती तेरा हजारांवर रुपये राहतात. ही वाढ कुणाच्या चिठ्ठीवर अवलंबून नाही.

शेवटी

आपल्या जिल्ह्याला शिक्षणाची परंपरा आहे. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली बार्शीत शिक्षणसंस्था काढली ती शेतकऱ्याच्या पोराने शिकावे म्हणूनच. पोरं शिकली, ते काम झाले. शिकलेल्याला काम मिळावे हे काम आता आपल्याकडे आहे.

प्रत्येक सभासदाने एक करावे. आज संध्याकाळी घरातली सगळी माणसे बसवून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : तू काय शिकणार, आणि ते कुठे वापरणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर फीचा एक रुपयाही भरू नये. उत्तर असेल तर मात्र उशीर करू नये. उसाला जशी वेळेवर लागण, तशी शिक्षणालाही वेळेवर लागण लागते.

आणि आबा-अण्णांनी पुढचे बिल स्वतः वाचून मगच सही करावी. अडले तर गट ऑफिसात विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, कारखाना आपलाच आहे.