आशाताई शिकायला जातात, ते आपल्याच लेकरांसाठी

बियाण्याचे वाण बदलते, खताची मात्रा बदलते. म्हणून शेतकरी मेळाव्याला जातो, चार जाणत्यांना विचारतो. लहान मुलांच्या दुखण्याचेही तसेच आहे. जुलाब, खोकला, ताप ही दुखणी जुनीच. पण त्यांवरचे उपचार सुधारत असतात. ती पाहणाऱ्याला एकदा शिकून भागत नाही. तरीही आशाताई प्रशिक्षणाला तालुक्याला गेल्या, की ‘या गावात कधी सापडतच नाहीत’ अशी कुरकुर होते.

जामखेडचा धडा

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या बायका आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला जमत. गावात कोणते मूल आजारी पडले, काय केले, कुठे अडले ते सांगत आणि नवे शिकून परत जात. त्यांचे शिकणे कधी थांबलेच नाही, हेच त्या कामाचे बळ.

मण्यांनी मोजलेला श्वास

पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले. मोजणी अवघड जाई, म्हणून एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी असलेले साधन केले. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. या कामाने तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 1990 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे

खोकला असेल, तर मूल शांत असताना पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक श्वास भरले, तर त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्या. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तरी थांबू नका.

जुलाबात पूर्वी मुलाचे खाणेपिणे तोडत. ते चूक होते. अंगावरचे दूध चालूच ठेवा. जलसंजीवनीची (ओ.आर.एस.) पुडी, वर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात, पुरी विरघळवून थोडी थोडी पाजा. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका. जोडीला जस्ताच्या गोळ्याही लागतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हा सल्ला 2004 साली दिला. त्याआधी शिकून थांबलेल्याला तो कुठून कळणार? जुलाब थांबले, तरी गोळ्या 14 दिवस पुऱ्या करा.

मूल काही पीत नसेल, सारे ओकत असेल, झटके येत असतील किंवा जागे करूनही जागे होत नसेल, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका, दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतील बाळ दूध ओढेनासे झाले, तापले किंवा गार पडले, तरी तेच करा.

आशाताई पुढच्या खेपेला प्रशिक्षणाहून आल्या, की त्यांना ओट्यावर बसवा, चहा द्या आणि विचारा, “ताई, या वेळी नवीन काय शिकलात?”